बरी झालेली मुलं कुठे गेली?

१

मूल हरवलं की आईबाप रस्ते धुंडाळतात, शेजाऱ्यांना हलवून उठवतात, पोलिसांकडे धाव घेतात. त्या आठवड्यात इस्पितळाची शंभरेक मुलं हरवली आणि एकाही आईबापाला त्याचा पत्ता नव्हता, कारण मुलं आपापल्या घरी होती. हरवली होती ती कॉम्प्युटरमधल्या आकडेवारीतून. आणि गंमत म्हणा किंवा भीती म्हणा, हरवलेलं प्रत्येक मूल बरं झालेलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा चौकशीबाईंचा कप बशीत जरा जोरात वाजला. इस्पितळातल्या तक्रारींची चौकशी करणं हे त्यांचं काम. खरं नाव लोक कधीच विसरले होते. चोरीला गेलेल्या घड्याळापासून बदललेल्या एक्स-रेपर्यंत सगळं त्यांनी शोधून काढलं होतं. पण आकडेवारी म्हटलं की त्या चार हात लांब राहायच्या.

“फिट येणाऱ्या मुलांना आपण वर्षभर नवी गोळी देतोय,” मोठे डॉक्टर म्हणाले. “प्रत्येकाला एकच प्रश्न. गोळीनंतर झटके वाढले का? हो किंवा नाही. आता ही आकडेवारी मांडायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं यावरून आमच्याकडे वर्षभर जुंपलीये. आकडेवारी मांडणारे दोघंच. अण्णा म्हणतात जुनं, बटणवालं. चिमणी म्हणते नवं, फुकटं. शेवटी मी म्हटलं, दोघांना एकच फाईल देतो. ज्याचं त्याने करायचं, एकमेकांना विचारायचं नाही. शुक्रवारी समिती बघेल आणि ठरवेल.”

“मग?”

“सोमवारी चिमणीचा तक्ता आला. दर तीन मुलांत एकाचे झटके वाढलेले! जुन्या औषधावरसुद्धा दर चारांत एकाचेच वाढतात. माझं धाबंच दणाणलं. समितीची वाट कोण बघतंय, त्याच दिवशी गोळी बंद केली आणि सगळ्यांना परत जुन्या औषधावर टाकलं. बुधवारी अण्णांचा तक्ता आला. त्यांच्याकडे दर सहांत एक.”

“एकाच फाईलमधून?”

“एकाच. ‘हो’ दोघांकडे सारखेच आहेत. फरक आहे तो ‘नाही’मध्ये. चिमणीकडे शंभरेक ‘नाही’ कमी आहेत. चुकून काही पुसलं गेलं असतं तर थोडे हे गेले असते, थोडे ते. इथे कुणीतरी वेचून वेचून बरी मुलं काढलीत. नाहीतर अण्णांच्या तक्त्यात वेचून वेचून घातलीत. खरं कुठलं ते कळेपर्यंत मी ती गोळी कुठल्याही पोराच्या तोंडात जाऊ देणार नाही.”

 डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

“तुमची भाची त्यात आहे, ठाऊक आहे मला. म्हणून तर हे काम तुमच्याकडे देतोय, तुम्ही स्वस्थ बसणार नाही. पण घरी एक अक्षर बोलायचं नाही.”

भाचीला घरात खारू म्हणायचे, कारण ती दोन्ही हातांत धरून खायची. सात वर्षांची. नवी गोळी सुरू झाल्यापासून खारूला एकदाही झटका आला नव्हता, आणि सोमवारपासून गोळी बंद होती. चौकशीबाई खोलीबाहेर आल्या तेव्हा पर्समधला फोन थरथरला. भावजयीचा होता. तो उचलायची त्यांची हिंमत झाली नाही.

२

चिमणीला चिमणी म्हणायचे ते तिच्या बोलण्यामुळे. आज मात्र ती गप्प होती, आणि डोळे रडून सुजलेले होते.

“मी टक्केवारी दिली आणि मोकळी झाले,” ती म्हणाली. “एकूण मुलं किती आली तेच बघितलं नाही. घाई होती मला. अण्णांच्या आधी द्यायचं होतं. तेवढा दोष माझा. पण मुलं मी काढली नाहीत हो!”

“मग गेली कुठे?”

चिमणीने पडदा वळवून दाखवला. उत्तरांच्या रकान्यात मुलांमागून मुलं होती आणि कितीतरी जणांपुढे इंग्रजीतली तीच दोन अक्षरं: एन, ए.

“एन ए म्हणजे नॉट अव्हेलेबल. माहितीच नाही. फुकट्याला ही दोन अक्षरं दिसली की तो म्हणतो, याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, आणि त्या मुलाला मोजतच नाही. शहाणपणाचंच आहे ते. पण इथे मूळ फाईलमध्येच एन ए आहे. म्हणजे कुणीतरी खरं उत्तर पुसून त्या जागी हे लिहिलंय.”

“त्या मुलांची उत्तरं खरंच ‘नाही’ होती कशावरून?”

“मी चारपाच घरी फोन केले. सगळी पोरं ठणठणीत. एक आई तर मलाच विचारत होती, गोळी का बंद केली म्हणून.” चिमणीचा आवाज फाटला. “मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, पाच फोन म्हणजे पुरावा नाही.”

चौकशीबाईंना तिची दया आली, पण दया येणं हे त्यांच्या कामात फारसं उपयोगी नसतं.

“एन ए लिहिलं की फुकटं त्या मुलाला सोडून देतं, हे इथे कुणाकुणाला ठाऊक आहे?”

 चिमणी खाली बघत म्हणाली, “मला. एकटीलाच.”

३

अण्णांची खोली मागच्या बाजूला होती. टेबल लख्ख. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. त्यांची सगळी नोकरी बटणवाल्या सॉफ्टवेअरवर गेली होती. त्यात कुठल्या यादीत कुठला पर्याय आहे हे त्यांना आपल्या घरातल्या कपाटापेक्षा चांगलं माहीत होतं.

“त्या फुकट्यातलं मला ओ की ठो कळत नाही,” ते म्हणाले. “आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. पडद्यावर कविता लिहीत बसायचं आणि एक स्वल्पविराम चुकला की बोंब. आमचं सरळ असतं. फाईल उघडायची, बटण दाबायचं, तक्ता घ्यायचा.”

“मध्ये काहीच करावं लागत नाही?”

“काहीच नाही. उघडली, दाबलं, तक्ता आला.” त्यांनी छापलेला कागद पुढे सरकवला. दोनच ओळी होत्या. ‘हो’, आणि त्यापुढे आकडा. ‘नाही’, आणि त्यापुढे भला मोठा आकडा. “शंभर नंबरी खरा आहे तक्ता. डॉक्टरांनी विश्वास ठेवायचा की नाही तो त्यांचा प्रश्न.”

“अण्णा, हरलात तर काय होईल?”

अण्णा हसले, पण ते हसू लगेच मावळलं. “काय होणार? पोरीच्या हाताखाली बसून शिकायचं, नाहीतर घरी जायचं. या वयात मला कोण शिकवणार?”

चौकशीबाई उठल्या. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, “गोळी बंद झालीये, तुम्हाला कधी कळलं?”

“सोमवारीच,” अण्णा म्हणाले आणि पेन्सिली पुन्हा सरळ करू लागले. त्या आधीच सरळ होत्या.

४

दुपारी लायसनवाला भेटला. बटणवाल्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचा माणूस, दर वर्षी लायसन वाढवून द्यायला येणारा. चकचकीत बूट, तोंडात साखर. फुकटं आलं की याचं येणं बंद, तेव्हा पाणी कुठेतरी मुरत असणार असं चौकशीबाईंना आधीपासून वाटत होतं.

“मॅडम, फुकट्याचा मला राग आहे, खोटं कशाला बोलू,” तो म्हणाला. “पण मुलांची फाईल मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. मला ती देतं कोण? आणि एक सांगू? लबाडी करणारा आमच्यापैकी असता तर तुम्ही सांगता ते एन ए त्याने लिहिलंच नसतं. आमच्यात रिकाम्या उत्तरापुढे टिंब येतं. एन ए ही फुकटेवाल्यांची भाषा. शोध तिकडे घ्या.”

पुन्हा चिमणी. फिरून फिरून सगळं तिच्यापाशीच येत होतं. पण चिमणीने स्वतःच्याच सॉफ्टवेअरच्या पायावर धोंडा का पाडून घ्यावा? हे काही केल्या चौकशीबाईंच्या गळी उतरेना.

उरली ती इस्पितळाच्या दुसऱ्या शाखेतली टायपिस्ट. निम्म्याहून जास्त मुलं तिकडे तपासायला यायची आणि त्यांची उत्तरं तीच कॉम्प्युटरवर चढवायची. बाकीची इथे मुख्य इमारतीत चढायची. तिला सगळे तुटक म्हणायचे, आणि का ते फोनवर लगेच कळलं.

“एखादं उत्तर तुमच्याकडून पुसलं गेलंय का?”

“ना.”

“एखादं रिकामं राहिलंय?”

“ना.”

“फाईलला दुसऱ्या कुणी हात लावला?”

“ना. कुलूप असतं. आणखी काही?”

“आठवून सांगा, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“सांगितलं ना. जे उत्तर तेच टाकलं. ठेवते.” आणि तिने खरंच ठेवला.

चौकशीबाई हातातल्या मुक्या फोनकडे बघत राहिल्या. चौघांना विचारून झालं होतं, चौघांनी कानांवर हात ठेवले होते, आणि त्यांना आतून असं वाटत होतं की चौघांतल्या कुणीच बरी मुलं पळवलेली नाहीत. मग पळवली कुणी? उद्या समिती बसणार, चिमणीवर खापर फुटणार, दोन्ही तक्ते कचऱ्यात जाणार आणि गोळी महिनोन्महिने बंद राहणार. आणि खारूच्या आईला काय सांगायचं?

५

कॅन्टीनमध्ये त्यांनी खायला काहीतरी घेतलं आणि तसंच ठेवलं. फोन पुन्हा थरथरला. भावजय फोन न उचलल्यामुळे आता लिहायला लागली होती. ती नेहमी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. फोनवर सगळेच लिहितात.

“Tai, aaj sakali tichi maan don vela vaakdi zali. Mala bhiti vatate. Navya golicha ek paakit gharat aahe. Deu ka?”

चौकशीबाईंनी उत्तर लिहायला घेतलं.  हो म्हणावं आणि चिमणीचा तक्ता खरा निघाला तर? नको म्हणावं आणि अण्णांचा खरा निघाला तर? बोट अक्षरांवर आलं आणि तसंच थांबलं. तेवढ्यात खाली दुसरी ओळ उमटली.

“Tai, lavkar sanga. Ho ki na?”

त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. ती शेवटची दोन अक्षरं त्यांनी सकाळी पडद्यावर पाहिली होती, एकाखाली एक, शंभर वेळा.

खुर्ची मागे ढकलून त्या उभ्या राहिल्या. शेजारच्या टेबलावरचे दोघं दचकले. त्यांनी तिथूनच शाखेला फोन लावला.

“झटके वाढले नाहीत असं उत्तर असेल तर तुम्ही कॉम्प्युटरवर काय टाइप करता?”

“ना,” तुटक म्हणाली.

“अक्षरं सांगा.”

“एन. ए. हो असेल तर एच, ओ.”

“आणि इकडे मुख्य इमारतीत?”

“त्या पूर्ण ‘नाही’ लिहितात. एन, ए, एच, आय. त्यांना वेळ असतो.” आणि फोन ठेवला.

चौकशीबाईंना हसावं की रडावं ते कळेना. कुणी काही पुसलं नव्हतं. कुणी काही घातलं नव्हतं. एका कमी बोलणाऱ्या बाईने मराठीत ‘ना’ म्हटलं होतं आणि फुकट्याने ते इंग्रजीत ऐकलं होतं. जे जे मूल बरं, त्या प्रत्येकाला त्याने ‘माहिती नाही’ म्हणून दाराबाहेर उभं केलं होतं. म्हणून तर गेलेल्यांत एकही ‘हो’ नव्हता.

जिने उतरता उतरता त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. पलीकडे त्यांचा आवाज एकदम धावायला लागला. “शाखेकडून मीच खात्री करून घेतो. दहा मिनिटं द्या मला. बरोबर निघालं तर नर्सेसना सगळ्या घरी फोन करायला लावतो. तोवर थांबा.”

थांबा! दहा मिनिटं थांबणं म्हणजे काय असतं ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी भावजयीला फक्त “दहा मिनिटं” एवढं लिहिलं आणि चिमणीच्या खोलीत शिरल्या. चिमणीने ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“म्हणजे बटणवाल्यात बरोबर आलं! त्याला एन ए म्हणजे काही विशेष वाटत नाही. साधा शब्द म्हणून तो मोजणार.”

निघता निघता चौकशीबाईंचा पाय उंबऱ्यात अडला.

“एक सांग. बटणवाल्याला एका ठिकाणी ‘नाही’ दिसलं आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ना’, तर ते एकच आहे हे त्याला कळतं?”

“छे! मराठी कुठे येतं त्याला? दोन वेगळे शब्द, दोन वेगळ्या ओळी.”

चौकशीबाईंनी पर्समधून अण्णांचा छापील तक्ता काढला. ‘हो’ आणि ‘नाही’. ओळी दोनच.

६

“अण्णा, माझ्यासमोर एकदा करून दाखवा,” चौकशीबाई म्हणाल्या. “मूळ फाईल उघडा, बटण दाबा. मध्ये काही करू नका.”

अण्णांनी चष्मा पुसला. फाईल उघडली. माऊस बटणापर्यंत नेला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

“दाबा ना.”

ते दाबेनात.

“तीन ओळी येतील, नाही का?” चौकशीबाई म्हणाल्या. “हो, नाही आणि ना. तुमच्या तक्त्यात दोन आहेत. म्हणजे ‘ना’ तुम्ही पाहिलंत, ते मराठी आहे हे ओळखलंत आणि हाताने ‘नाही’मध्ये मिळवलंत. मध्ये काहीच केलं नाही म्हणालात, ते खोटं.”

अण्णांनी माऊस सोडला.

“चांगला माणूस आधी फाईल साफ करतो,” ते हळूच म्हणाले. “मी पहिल्याच दिवशी केली. यात काय चुकलं?”

“साफ केलीत ते बरोबरच. चिमणीला सांगितलं का नाहीत?”

“विचारायचं नाही, असा नियम होता.”

“सोमवारी गोळी बंद झाली तेव्हासुद्धा नियमच पाळत होतात?”

आता अण्णांची मान खाली गेली. “फुकटं त्या दोन अक्षरांवर अडखळतं हे मी कुठेतरी ऐकलं होतं. म्हटलं, पडू दे एकदा तोंडावर. समितीसमोर हसं होईल, जुनं राहील, मी राहीन. तिच्या तक्त्यावरून डॉक्टर गोळीच बंद करतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. मग वाटायचं, आता सांगितलं तर विचारतील, काल का नाही सांगितलं. माझा तक्ता खराच होता हो. मी खरा तक्ता दिला होता.”

“आणि तो खरा का, ते गिळून बसलात.”

चौकशीबाईंचा फोन वाजला. मोठे डॉक्टर होते. “शाखेने सांगितलं, तुमचं बरोबर आहे. नवी गोळी आत्ता, लगेच सुरू. यादी मोठी आहे, तुमच्या घरी तुम्हीच सांगा.”

त्यांनी भावजयीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला.

“ताई, आत्ताच येऊन गेला,” भावजय म्हणाली. “जिन्यात उभी होती. मी पोचेपर्यंत पडली. ओठ फाटलाय, बाकी ठीक आहे. शुद्धीवर आहे, तुमचं नाव घेतेय. मी काय करू? सांगा ना काहीतरी.”

  चौकशीबाईंनी फोन अण्णांपुढे धरला.

“कोण आहे?” अण्णांनी विचारलं.

“माझी भावजय. तिची मुलगी सात वर्षांची आहे. ती शाखेत येते. तुम्ही हाताने मिळवलेल्या त्या शंभर ‘ना’पैकी एक तिची होती. आता ती ‘हो’ झालीये. गोळी सुरू करायची आहे. तुम्ही सांगा तिला.”

अण्णांनी फोन दोन्ही हातांनी घेतला. 

“हॅलो. इस्पितळातून बोलतोय. नवी गोळी लगेच द्या. डॉक्टरांनी सांगितलंय. गोळी चांगली आहे. आमच्याकडे घोटाळा झाला होता.”

“देऊ? नक्की देऊ?” पलीकडचा आवाज एवढा मोठा झाला की चौकशीबाईंनाही ऐकू आला. “देव भलं करो तुमचं! तीन रात्री डोळ्याला डोळा नाही लागलेला. सारखं वाटायचं, तिकडे कुणाला तरी ठाऊक असेल, कुणीतरी सांगेल. फार उपकार झाले तुमचे, काका.”

“बाई, उपकार नका म्हणू,” अण्णा म्हणाले. त्यांचा चष्मा धुरकट झाला होता. “जरा थांबा. मला तुम्हाला काही सांगायचंय. मला सोमवारीच—”

पण ती गोळी आणायला आत पळाली होती, आणि फोन बंद झाला होता.